पेंडलबरीसाहेब निंबेसोंडला आले तेव्हा

"साहेब ताक प्यायले ते ह्याच मगातून," असं म्हणून आमच्या चर्चचे सेक्रेटरी चांदेकर यांनी पांढरा एनॅमलचा मग टेबलावर ठेवला. "सांग, फुल्या, बाईंना."

मी सांगितलं. डॉक्टर हेलन ब्रिग्ज नावाच्या अमेरिकन बाईंनी मगाचे चारही बाजूंनी फोटो काढले. तो मग उलटा करून बघायचं त्यांना सुचलं नाही. मी बघितला. बुडावर १९६८ असं साल होतं. साहेब १९३९ साली अमेरिकेतच वारले होते. मी मग होता तसा सरळ ठेवला. दुभाष्याचं काम बोललेलं सांगायचं, भांडी तपासायचं नव्हे.

ही २००८ सालची गोष्ट. नेवाशाच्या अलीकडे निंबेसोंड हे आमचं गाव आणि गावाच्या कडेला मिशनचं कंपाउंड: एक चर्च, एक शाळा, एक विहीर आणि साठेक घरं. मी तेव्हा तेवीस वर्षांचा होतो. पुण्यात कॉल सेंटरमध्ये बसून अमेरिकेतल्या लोकांच्या फ्रिजच्या तक्रारी ऐकायचो. तिथं माझं नाव स्टीव्ह होतं. अमेरिकन माणूस नाकातून काय बोलतो हे सबंध कंपाउंडात मला एकट्यालाच कळायचं, म्हणून सेक्रेटरींनी मला चार दिवसांची रजा काढायला लावली होती.

साहेब म्हणजे रेव्हरंड आयझाया पेंडलबरी. अमेरिकेतल्या व्हरमाँट नावाच्या थंड मुलखातले पाळक आणि लेखक. त्यांनी चौदा पुस्तकं लिहिली. त्यांतली तेरा अमेरिकेतही कुणी वाचत नाही, असं ब्रिग्जबाईच म्हणाल्या, आणि त्या बाई त्यांचं चरित्र लिहीत होत्या. चौदावं मात्र आमच्याकडे घरोघरी बायबलच्या शेजारी असतं. 'घरातल्या बारा वस्तू'. दार, दिवा, शिडी अशी एकेक वस्तू घेऊन साहेब देवाबद्दल बोलतात. अकरावं प्रकरण जात्यावर आहे. एक विधवा पहाटे उठून दुसऱ्यांचं दळण दळते, एवढंच त्यात आहे. पण आमच्याकडे कुणाची माती असली की कबरीपाशी ते प्रकरण वाचतात. ते वाचल्याशिवाय माणूस पुरता गेला असं कुणाला वाटत नाही.

गंमत अशी, की हे पुस्तक इंग्रजीत नाहीच. साहेब वारल्यावर त्यांच्या पत्नीनं टाइप केलेली एकुलती एक प्रत इकडच्या एका मिशन छापखान्याकडे पाठवली. तिथं ती बावीस वर्षं ट्रंकेत पडून राहिली. मग १९६१ साली कुणाच्या तरी लक्षात आलं आणि मराठी अनुवाद झाला. अनुवाद करणारी शिक्षिका चोवीस वर्षांची होती. मार्था रणभिसे. माझी आत्या.

त्या अनुवादासाठी ब्रिग्जबाई दोन वर्षं डिक्शनरी घेऊन मराठी वाचायला शिकल्या होत्या. वाचायच्या झकास, बोललेलं अक्षरही कळत नसे. त्यांच्या मते शेवटच्या चार प्रकरणांत साहेबांची प्रतिभा एकाएकी उंच गेली होती. त्याहून मोठा प्रश्न अकराव्याचा. जात्याचा खुंटा सैल झाला की त्यात चिंधी कोंबतात, हे व्हरमाँटच्या पाळकाला कसं कळलं? त्यात साहेबांच्या आयुष्यातले अठरा महिने कुठं सापडत नव्हते. १९२६ आणि २७. एक पत्र नाही, एक प्रवचन नाही. प्रकरणात सात पायऱ्यांची विहीर आहे. आमच्या विहिरीला सात पायऱ्या आहेत. बाईंच्या दृष्टीनं केस संपली होती. साहेब गुपचूप हिंदुस्थानात आले होते आणि निंबेसोंडला राहिले होते.

हे कळल्याबरोबर कंपाउंडला साहेब आठवायला लागले.

पहिल्या दिवशी त्यांनी फक्त सेक्रेटरींच्या वडलांच्या अंगणात ताक घेतलं होतं. दुसऱ्या दिवशी ते विहिरीत पोहले. तिसऱ्या दिवशी त्यांना विंचू चावला, आणि तो उतरवणाऱ्या तीन वेगवेगळ्या आजोबांची नातवंडं बाईंपुढे येऊन बसली. सेक्रेटरींनी नगरला संगमरवरी पाटी सांगून टाकली. 'ह्या ठिकाणी रेव्हरंड पेंडलबरी यांनी वास्तव्य केले.' ठिकाण नंतर ठरणार होतं. त्यासाठी पाच घरांत भांडणं लागली होती.

आत्या एकटी काही आठवत नव्हती. आणि बाईंना साक्ष हवी होती ती तिचीच. साहेबांची मूळ प्रत डोळ्यांनी बघितलेलं जगात तेवढंच माणूस उरलं होतं.

तिसऱ्या दिवशी दुपारी सेक्रेटरी आमच्याकडे आले. आत्या लसूण सोलत बसली होती. एकाहत्तर वर्षांची, लग्न न केलेली, एकतीस वर्षं मिशनच्या शाळेत मुलांना उभं केलेली बाई. तिच्यासमोर लोक अजूनही हात पाठीमागे बांधून बोलतात.

"मार्थाबाई, उद्या शाळेत सभा ठेवलीय," सेक्रेटरी म्हणाले. "बाई तुम्हाला विचारतील. तुम्ही एवढंच म्हणायचं, की छापखान्यात त्या वेळी लोक बोलायचे, साहेब इकडं येऊन गेले म्हणून."

"कोण बोलायचं?"

"ते आता सगळे वारले. त्यामुळं अडचण नाही."

आत्यानं पाकळी सोलून ताटलीत टाकली. "गावाचं नाव येईल म्हणता पुस्तकात?"

"नाव काय, आख्खं प्रकरण. अमेरिकेत छापलं जाणार. आपल्या पोरांनी उद्या कुठं सांगितलं, आम्ही निंबेसोंडचे, तर समोरचा म्हणेल, पेंडलबरीचं निंबेसोंड का? बाई, आजवर आपल्याला कुणी विचारलंय का, तुम्ही कुठले म्हणून? विचारलं तर पुढचं विचारत नाहीत."

ते खरं होतं. आत्यानं पुढची पाकळी उचलली.

"आणि तुमच्याकडचं ते जातं," सेक्रेटरींना हुरूप आला. "उद्या सकाळी पोरं पाठवतो. शाळेत नेऊन ठेवू. साहेब ह्याच्यावर दळायला बसले होते असं—"

"कोण बसलं होतं?"

"कुतूहल म्हणून हो. दोनच मुठी."

आत्यानं ताटली बाजूला ठेवून सेक्रेटरींकडं बघितलं. "अनंता, जात्याला हात लावायचा नाही. उद्या काय ते मी सांगेन."

सेक्रेटरी गेल्यावर मी विचारलं, "काय सांगणारेस, आत्या?"

"खरं."

"म्हणजे काय?"

"तू उद्या फक्त मी बोलेन ते नीट सांग. फ्रिजवाल्यांना सांगतोस तसं नको."

हे तिनं का म्हटलं ते मला माहीत होतं. तिला मी एकदा कौतुकानं सांगितलं होतं, की आम्हाला ट्रेनिंगमध्ये शिकवतात, गिऱ्हाइकाला वाईट बातमी कधी सरळ द्यायची नाही. 'तुमचा फ्रिज मेला' म्हणायचं नाही. 'आम्ही ह्यात लक्ष घालतो आहोत' म्हणायचं.

तुम्ही म्हणाल, जिनं इंग्रजी पुस्तक मराठीत आणलं तिला दुभाषी कशाला? आत्या इंग्रजी शिकली ती जुनं इंग्रजी बायबल आणि एक डिक्शनरी एवढ्यावर. वाचू शकत होती, लिहू शकत होती. कानावर पडलेलं इंग्रजी तिला समजत नसे आणि स्वतः बोलायला लाजायची. आयुष्यात तिनं इंग्रजीत मोठ्यांदा म्हटलेला एकच शब्द म्हणजे 'सायलेन्स'.

दुसऱ्या दिवशी सकाळी अकराला सातवीच्या वर्गात सभा भरली. साठ-सत्तर माणसं मुलांच्या बाकांवर गुडघे वर करून बसली होती. बऱ्याच जणांनी पुस्तक बरोबर आणलं होतं, बाईंना दाखवायला. पुढं टेबल, टेबलावर तो मग, एका बाजूला ब्रिग्जबाई, दुसऱ्या बाजूला आत्या, मध्ये मी.

बाईंनी पहिलाच प्रश्न नीट विचारला. मी तो मराठीत सांगितला. "साहेबांच्या मूळ प्रतीत शेवटची चार प्रकरणं कशी होती, आणि ती प्रत आता कुठं आहे?"

आत्या उभी राहिली. वर्गात ती बसून कधी बोललीच नव्हती.

"ट्रंक उघडली तेव्हा वाळवी लागलेली होती," ती म्हणाली. "आठ प्रकरणं शाबूत होती. शेवटच्या चारांचा भुगा. छापखान्याचे मॅनेजर म्हणाले, पुस्तकाचं नाव बारा वस्तू आहे, आठ कशी छापायची? आठ वाचून तुला साहेबांचा सूर सापडलाच असेल, उरलेली चार तू लिही आणि कुणाला सांगू नकोस. मी लिहिली. चूल, सूप, जातं आणि उंबरा. चारही माझ्या घरातलं बघून लिहिली. साहेब इकडं कधी आले नव्हते."

आणि ती माझ्याकडे बघायला लागली. सांग, अशा अर्थानं.

ज्यांच्या आजोबांनी विंचू उतरवला होता ते तिघंही जमिनीकडं बघत होते. मग हळूहळू सगळे माझ्याकडे बघायला लागले. सत्तर माणसांनी ऐकलं होतं, एका बाईला कळलेलं नव्हतं, आणि मधे मी होतो. सेक्रेटरींनी मान अगदी बारीक हलवली. नाही.

मी गावाचा विचार केला असं म्हणायला मला आवडलं असतं. मी आत्याचा केला. म्हटलं, ज्या प्रकरणावर लोकांनी आपली माणसं पुरली ते हिनं साहेबांच्या नावावर खपवलं, असं उद्या बोलतील. ह्या वयात हिला चर्चमध्ये मागच्या बाकावर बसायला लागेल. आणि माझ्या तोंडून स्टीव्ह बोलला.

मी बाईंना इंग्रजीत म्हणालो, "ती म्हणते, प्रत वाळवीनं खाल्ली. फार वाईट वाटतं म्हणते. बाकीचं तिला आता वयामुळं आठवत नाही."

वर्गानं श्वास सोडला. ब्रिग्जबाईंनी वहीत काहीतरी लिहिलं, आत्याच्या हातावर हात ठेवला आणि थोपटला.

आत्यानं त्या हाताकडं बघितलं.

"फुल्या, काय सांगितलंस?"

"तू बोललीस तेच."

"मी एवढं सांगितलं आणि बाई मला दवाखान्यातल्या म्हातारीसारखी थोपटतेय?"

"मार्थाबाई, बसा," सेक्रेटरी पुढं येत म्हणाले. "ऊन लागलंय तुम्हाला. पोरा, पाणी आण रे बाईंना, ह्या मगातून आण."

"अनंता," आत्या म्हणाली, "तू बस."

सेक्रेटरी बसले. सातवीला ते तिच्या हाताखाली दोनदा होते.

मग आत्या फळ्याकडे वळली. खडू उचलला आणि इंग्रजीत लिहायला लागली. तिचं अक्षर मोत्यासारखं, आणि इंग्रजी थेट जुन्या बायबलातलं. मराठीत सांगायचं तर असं: 'पाहा, आठ अध्याय त्या पुरुषाचे, आणि चार माझे. त्याचे शेवटचे चार कृमींनी भक्षिले. मी मार्था हिने हे लिहिले. तो ह्या देशी कधी आला नाही. आणि माझा भाचा लबाड आहे.'

ब्रिग्जबाईंनी वाचलं. चष्मा काढला, पुसला, पुन्हा वाचलं. माझ्याकडं एकदा बघितलं. कॉल सेंटरमध्ये गिऱ्हाईक दिसत नाही याचे किती उपकार असतात ते मला तेव्हा कळलं.

मग त्या उठल्या, त्यांनीही खडू घेतला आणि आत्याच्या ओळींखाली मराठीत, छापल्यासारखं एकेक अक्षर सुटं काढत लिहिलं: 'माझे एक प्रकरण गेले.'

आत्यानं इंग्रजीत लिहिलं: 'माझी चार गेली होती.'

बाई फळ्याकडं बघत राहिल्या. मग हसल्या, पण आवाज न करता. पुढची दहा मिनिटं त्या दोघी फळ्यावर बोलल्या. बाई मराठीत विचारायच्या, आत्या इंग्रजीत उत्तर द्यायची. सुपाचं कसं सुचलं, उंबऱ्याला किती दिवस लागले, मॅनेजरांनी काय बदललं. दोन्ही भाषा बोलता येणारा तिथं मी एकटा होतो आणि खोटं बोललेलाही मी एकटा. फळा भरला की आत्या न बघता डस्टर माझ्यापुढं धरायची, मी पुसायचो.

मागं कुजबुज वाढली. शेवटी सेक्रेटरी बसल्या जागेवरूनच म्हणाले, "ते ठीक आहे, मार्थाबाई. पाटी परत करता येईल. पण मातीला काय वाचायचं आता? इतकी वर्षं साहेबांचं म्हणून वाचलं. माझ्या वडलांना वाचलं. ते आता... म्हणजे तुमचं म्हणून कसं वाचायचं?"

हीच गोष्ट मला नको होती. कुणीतरी "खरंय" म्हणालं. आत्यानं खडू खाली ठेवला. हात झाडले. पहिल्यांदाच मला ती जरा वाकल्यासारखी दिसली.

तेवढ्यात खिडकीजवळच्या बाकावरून लाजरसबाबा ओहोळ उठले. पंचाहत्तरी ओलांडलेले. बाकातून बाहेर यायला त्यांना वेळ लागला, तोवर सगळे थांबले.

"मार्था," ते म्हणाले, "म्या लहानपणी तुझ्या आईकडं दळण आणायचो. पायलीभर बाजरी, डोक्यावर."

"आठवतं, लाजरसभाऊ."

"माझ्या बायकोच्या मातीला ते अकरावं वाचलं, तवा म्या मनाशी म्हणलं, बघ गड्या, अमेरिकेत बी मार्थाच्या आईवाणी एक व्हती. लई धीर आला व्हता." ते थांबले. "म्हंजी अमेरिकेत नव्हती?"

"नव्हती. इथंच होती."

"मंग इतकी वर्सं का न्हाई बोललीस?"

"मॅनेजरांना शब्द दिला होता. ते वारले, तोवर लोक ते कबरीपाशी वाचायला लागले होते. मग कुठल्या तोंडानं सांगू?"

"आन आजच का?"

आत्यानं टेबलावरच्या मगाकडे बघितलं, मग सेक्रेटरींकडे. "चार प्रकरणं त्याला दिली, ती दिली. पण काल हे माझ्या आईच्या जात्यावर त्याला दळायला बसवत होते. आई नाही देणार मी."

लाजरसबाबांनी आपलं पुस्तक हातातल्या फडक्यातून सोडवलं, चालत पुढं आले आणि ते आत्यापुढं धरलं.

"मंग आता तूच वाच. लिवणाराच्या तोंडानं आमी कंदी ऐकलंच न्हाई."

आत्यानं चष्मा लावला. अकरावं प्रकरण काढलं. लाजरसबाबा परत जाऊन बसले नाहीत, फळ्याला टेकून उभे राहिले. ब्रिग्जबाईंनी आपली प्रत उघडून ओळीवर बोट ठेवलं.

तिनं वाचायला सुरुवात केली. ते मी शंभर वेळा ऐकलं होतं, नेहमी पाळकाच्या आवाजात, लांबवत, रडवत. आत्यानं ते हजेरी घ्यावी तसं वाचलं.

"'त्या गावात एक विधवा होती. ती चार घरांचे दळण दळी. खुंटा सैल झाला की त्यात चिंधी कोंबी आणि म्हणे, आपले लुगडे फाटले म्हणून जाते थांबायला नको. जात्याची खालची तळी ती देवाची समजे. का, तर ती हलत नाही. वरची आपली, ती गरगरते. दोहोंच्या मधे जे पडते त्याचेच पीठ होते, आणि पिठाशिवाय कोणाचे चालले आहे? पहाटे ती ज्यांचे दळी त्यांना तिचे तोंड ठाऊक नसे. त्यांना फक्त भाकरी ठाऊक असे.'"

इथं ती थांबली. पुढची ओळ सगळ्यांना पाठ होती. दोघातिघांचे ओठ आधीच हलले होते. आत्या मात्र वाचेना.

"इथं एक वाक्य होतं," ती म्हणाली.

"कुठं?" सेक्रेटरींनी आपलं पुस्तक उघडलं. "माझ्यात नाही."

"कुणाच्यातच नाही. मॅनेजरांनी काढलं. म्हणाले, अमेरिकेतल्या पाळकाला हे नाव कुठून माहीत असणार?"

"काय होतं वाक्य?"

आत्यानं पुस्तक मिटलं. त्या वाक्याला तिला पुस्तक लागत नव्हतं.

"'तिचे नाव भागू.' एवढंच."

मग मागं कुणीतरी म्हणालं, "पेन आहे का रे?" आणि एकदम सगळे खिसे चाचपायला लागले. बायकांनी पिशव्या उपड्या केल्या. एक पेन पाच हातांतून फिरलं. ज्यांनी पुस्तक आणलं नव्हतं ते शेजारच्याच्या पुस्तकात बोट घालून "इथं, इथं" म्हणून दाखवायला लागले. लाजरसबाबांना लिहिता येत नव्हतं. त्यांनी आपलं पुस्तक माझ्यापुढं धरलं, आणि मी लिहिताना ते माझ्या बोटांवर नजर ठेवून होते. बरोबरच होतं त्यांचं.

ब्रिग्जबाईंनी माझी बाही ओढली. काय झालं, असं त्यांनी विचारलं. मी त्यांना इंग्रजीत सांगितलं. एक शब्द जास्त नाही, एक कमी नाही. त्यांनी मला ते नाव पुन्हा म्हणायला लावलं, मग स्वतः म्हणून बघितलं आणि आपल्या प्रतीत लिहिलं.

"ओळीच्या वर लिहू का समासात, बाई?" सेक्रेटरींनी विचारलं.

"वर जागा आहे. बारीक काढ."

आत्या टेबलापासून निघाली आणि बाकांच्या मधून चालायला लागली. प्रत्येकाच्या पुस्तकात वाकून बघत होती. कुणाला मान हलवून पुढं जात होती, कुणाच्या खांद्याला बोट लावून "हं" म्हणत होती. सेक्रेटरींपाशी ती जास्त वेळ थांबली.

"अनंता, हे काय अक्षर आहे?"

"घाईत झालं, बाई."

"खोड आणि पुन्हा लिही."

सेक्रेटरींनी खोडलं आणि पुन्हा लिहिलं.